गोऱ्या पलटणीतील आयरिश पूर्वजाचा शोध : सुरुवात कोठून करावी?

पुणेलष्कर

नमस्कार. माझ्या आजीचे पणजोबा ईस्ट इंडिया कंपनीच्या गोऱ्या पलटणीत साधे शिपाई होते आणि मूळचे आयर्लंडचे होते, असे आमच्या घरात सांगितले जाते. आजी त्यांचा उल्लेख नेहमी 'आमचा सोजीर' असाच करीत असे. त्यांच्याविषयी आमच्याकडे लेखी पुरावा एकच आहे, तो म्हणजे पुणे लष्करातील एका कॅथलिक चर्चच्या नोंदवहीतून पुढच्या पिढीने काढून घेतलेला बाप्तिस्म्याचा उतारा. त्यात १८५५ साली जन्मलेल्या मुलीचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव, त्यांचा हुद्दा 'प्रायव्हेट, थर्ड युरोपियन रेजिमेंट' आणि आईचे केवळ पहिले नाव एवढेच आहे. आईच्या माहेरचा काहीही उल्लेख नाही. ही मुलगी पुढे अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमधील एका कुटुंबात दिली गेली, घराची भाषा मराठी झाली आणि आयर्लंडशी असलेला संबंध त्या पिढीतच संपला.

ते झाशीच्या वेढ्यात लढले आणि तेथेच पडले, अशी घरातील समजूत आहे. आडनाव आयर्लंडमध्ये अतिशय प्रचलित असल्याने आणि कुटुंबातील काही वडीलधारी मंडळी हयात असल्याने ते मी येथे देत नाही. आयर्लंडच्या संकेतस्थळांवर नाव-आडनाव घालून पाहिले, तर त्या नावाच्या माणसांच्या नोंदींचा ढीग समोर येतो आणि त्यातला आपला कोण हे सांगण्याचा कोणताही मार्ग दिसत नाही. या शोधाची वाट माहीत असणाऱ्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद : दप्तरखाना

ताई, आपल्या उताऱ्यातील सर्वांत मौल्यवान शब्द आडनाव नसून 'थर्ड युरोपियन रेजिमेंट' हे आहेत. आयरिश सैनिकाचा शोध आयर्लंडपासून सुरू करू नये, असे माझे अनेक वर्षांच्या वाचनातून झालेले ठाम मत आहे. आधी पलटण, मग पलटणीच्या कागदांतून त्याचे जन्मगाव, आणि जन्मगाव हाती आल्यावरच आयर्लंड, हा क्रम सोडला की माणूस आडनावांच्या गर्दीत हरवतो.

पलटणीच्या बाबतीतही पहिला प्रश्न असा विचारावा, की तो राजाच्या (नंतर राणीच्या) सैन्यात होता की कंपनीच्या. दोन्हींत आयरिश माणसे मोठ्या संख्येने होती. १८३० साली ब्रिटिश लष्करातील शिपाई व हवालदार दर्जाच्या सैनिकांपैकी सुमारे ४२ टक्के आयरिश होते, आणि कंपनीने त्या शतकाच्या पूर्वार्धात भरती केलेल्या गोऱ्या शिपायांतही त्यांचे प्रमाण निम्म्याच्या जवळपास जात होते. परंतु दोघांची दप्तरे वेगळी आहेत. राजाच्या सैन्याचे कागद लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात 'डब्ल्यूओ' म्हणजे युद्धखात्याच्या मालिकेत आहेत. कंपनीच्या सैन्याचे कागद ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. बरेच शोधक 'डब्ल्यूओ ९७' ही निवृत्तिवेतनधारक सैनिकांची प्रसिद्ध मालिका चाळतात आणि नाव न सापडल्याने निराश होतात. त्या मालिकेत १८८३पूर्वीच्या काळासाठी मुख्यत्वे निवृत्तिवेतन घेऊन बाहेर पडलेले सैनिकच येतात. नोकरीत मृत्यू पावलेला किंवा पळून गेलेला शिपाई तेथे सहसा नसतो, आणि कंपनीचा शिपाई तेथे शोधणे तर व्यर्थच आहे.

आपले पूर्वज कंपनीचे होते. थर्ड बॉम्बे युरोपियन रेजिमेंट ही पलटण १८५३ साली उभारली गेली. १८५८ मध्ये सर ह्यू रोज यांच्या मध्य हिंदुस्थानातील फौजेबरोबर ती झाशीला होती, त्यामुळे झाशीपर्यंतची आपली घरगुती कथा पलटणीच्या इतिहासाशी जुळते. कंपनीची सत्ता संपल्यावर हीच पलटण राणीच्या सैन्यात १०९वी पायदळ रेजिमेंट झाली आणि १८८१ च्या पुनर्रचनेत लेन्स्टर रेजिमेंटची दुसरी बटालियन बनली. तिच्या आधीची, १८१७ च्या खडकीच्या लढाईचा मान आपल्या निशाणावर मिरवणारी पहिली बॉम्बे युरोपियन रेजिमेंट अशाच मार्गाने १०३वी झाली आणि पुढे रॉयल डब्लिन फ्युझिलियर्सची दुसरी बटालियन झाली. हे तपशील शोधाला उपयोगी पडतात, कारण एकाच माणसाची नोंद १८६० पूर्वी एका दप्तरात आणि त्यानंतर दुसऱ्या दप्तरात, वेगळ्या पलटणीच्या नावाखाली सापडू शकते. ती दोन वेगळी माणसे आहेत असे समजून संशोधक फसतो.

कंपनीच्या कागदांत मुंबई इलाख्यासाठी 'एल/मिल/१२' ही मालिका पाहावी. बंगालसाठी १० आणि मद्राससाठी ११ हे क्रमांक आहेत. मुंबईहून दरवर्षी गोऱ्या पलटणींचे हजेरीपट लंडनला पाठवले जात, आणि त्यांत शिपायाचे नाव, मूळ ठिकाण, पूर्वीचा धंदा व तो कोणत्या जहाजाने आला असा तपशील आढळतो. जहाजाचे नाव मिळाले, की भरती झालेल्यांच्या याद्या 'एल/मिल/९' मध्ये पाहता येतात. १८४३ पासून कंपनीचे भरती केंद्र इंग्लंडमध्ये एसेक्स परगण्यातील वॉर्ली येथे होते. त्यापूर्वी ते चॅटमला होते. डब्लिन किंवा कॉर्क येथे नाव नोंदवलेला तरुण प्रथम या भरती केंद्रात नेला जाई आणि मग जहाजावर चढे.

झाशीची कथा पडताळण्याचा सोपा मार्ग म्हणजे पदकांची यादी. १८५७-५८ च्या मोहिमांसाठी जे पदक दिले गेले, त्यावर झाशी, काल्पी व ग्वाल्हेरच्या मोहिमेत असलेल्यांना 'सेंट्रल इंडिया' अशी पट्टी मिळाली. पदक कोणाला दिले याच्या याद्या पलटणवार आहेत, आणि मृत सैनिकाचे पदक वारसाला मिळत असल्याने तेथे मृतांचीही नावे असतात. एक सूचना मात्र करून ठेवतो. ऑक्टोबर २०२३ मधील सायबरहल्ल्यानंतर ब्रिटिश लायब्ररीच्या सेवा दीर्घकाळ विस्कळीत झाल्या होत्या, त्यामुळे प्रत्यक्ष जाण्यापूर्वी किंवा कोणाला पाठवण्यापूर्वी हवे ते खंड पाहता येतील का, याची आगाऊ चौकशी करावी.

प्रतिसाद : कामठीकर

वरील प्रतिसादाला एक महत्त्वाची पुस्ती जोडतो, कारण विदर्भ-मराठवाड्यातील अनेक अँग्लो-इंडियन व ख्रिस्ती कुटुंबे याच ठिकाणी अडखळतात. आज जे महाराष्ट्रात आहे ते सर्व तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हते. नागपूरजवळची कामठी छावणी १८२१ पासूनची आहे, आणि तेथे मद्रास इलाख्याच्या फौजा राहात. जालन्याची छावणीही मद्रासच्या सैन्याची होती. त्यामुळे कामठी येथे झालेले बाप्तिस्मे, विवाह व दफन यांच्या नोंदी इंडिया ऑफिसच्या दप्तरातील मुंबईच्या 'एन/३' मालिकेत न सापडता मद्रासच्या 'एन/२' मध्ये सापडतात. 'एन/१' ही बंगालची मालिका आहे.

या तिन्ही मालिका म्हणजे धर्मगुरूंनी आपापल्या नोंदवहीवरून तयार करून वरिष्ठांकडे आणि तेथून लंडनला पाठवलेल्या नकला आहेत. त्यांची नावनिहाय सूची फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येते, आणि पानांच्या प्रतिमा फाइंडमायपास्टवर वर्गणी भरून मिळतात. १९९८ साली स्थापन झालेल्या 'फिबिस' या ब्रिटिश हिंदुस्थानातील कुटुंबांच्या इतिहासाला वाहिलेल्या संस्थेची शोधयादीही विनामूल्य आहे. नक्कल ही शेवटी नक्कलच असते, म्हणून शक्य असेल तेथे चर्चमधील मूळ वही पाहावी. नक्कल करणारा साक्षीदारांची किंवा धर्ममातापित्यांची नावे गाळतो, आणि नेमकी तीच नावे पुढचा दुवा ठरतात.

प्रतिसाद : लीतीरावरून

मी नोकरीनिमित्त आयर्लंडमधील कॉर्क शहरात राहते आणि फावल्या वेळात येथील स्थानिक इतिहासाच्या अभ्यासवर्गाला जाते. दप्तरखाना यांनी सांगितलेल्या क्रमाशी मी पूर्ण सहमत आहे. आयर्लंडचे सगळे कागद जळून गेले, असे मात्र बहुतेक ठिकाणी सरसकट लिहिले जाते आणि लोक प्रयत्नच सोडून देतात, म्हणून प्रत्यक्ष काय जळाले आणि काय उरले हे नीट सांगते.

३० जून १९२२ रोजी, यादवी युद्धाच्या सुरुवातीस, डब्लिनच्या फोर कोर्ट्स इमारतीतील सार्वजनिक अभिलेखागार स्फोटात व आगीत नष्ट झाले. १८२१, १८३१, १८४१ आणि १८५१ या चार जनगणनांचे बहुतेक कागद, मृत्युपत्रे आणि चर्च ऑफ आयर्लंड या प्रॉटेस्टंट चर्चच्या निम्म्याहून अधिक नोंदवह्या त्यात गेल्या. १८६१ व १८७१ च्या जनगणनेचे कागद सरकारनेच पूर्वी नष्ट केले होते, आणि १८८१ व १८९१ चे पहिल्या महायुद्धाच्या काळात रद्दीत घातले गेले. म्हणून संपूर्ण उपलब्ध असलेली सर्वांत जुनी आयरिश जनगणना १९०१ ची आहे. ती आणि १९११ ची, दोन्ही आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर विनामूल्य आहेत. जळालेल्या कागदांच्या नकला, टिपणे व उतारे जगभरातील ग्रंथालयांतून गोळा करून ते दालन आभासी रूपात पुन्हा उभारण्याचा प्रकल्प जून २०२२ मध्ये, त्या आगीच्या शताब्दीच्या वेळी, लोकांसाठी खुला झाला.

कॅथलिक चर्चच्या नोंदवह्या मात्र त्या इमारतीत कधी नव्हत्याच. त्या आपापल्या पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या हद्दीतील मंडळीकडे होत्या, आणि म्हणून वाचल्या. आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने त्यांच्या मायक्रोफिल्म २०१५ च्या जुलैमध्ये विनामूल्य ऑनलाइन ठेवल्या. त्यात साधारण १८८० पर्यंतच्या नोंदी आहेत. शासकीय जन्म-मृत्यू नोंदणी आयर्लंडमध्ये १८६४ साली सुरू झाली, तर बिगर-कॅथलिक विवाहांची त्याआधी १८४५ पासून होत होती. १८३० च्या आसपास जन्मलेल्या कॅथलिक शिपायाला शोधायचे असेल, तर या पॅरिशच्या वह्यांखेरीज जन्माचा दुसरा पुरावा जवळजवळ नाही. आणि वही कोणत्या पॅरिशची उघडायची, हे फक्त लष्कराचा कागदच सांगू शकतो.

पुणेलष्कर

सर्वांचे मनापासून आभार. कामठीकर यांच्या सूचनेप्रमाणे आधी 'एन/३' मधील नक्कल पाहिली, आणि ती आमच्या उताऱ्याशी जुळली. त्यानंतर लंडनमध्ये राहणाऱ्या एका परिचित अभ्यासकांकडून पदकांची यादी आणि हजेरीपट पाहून घेतले. त्यांना आमच्या शिपायाचे नाव 'सेंट्रल इंडिया' पट्टीच्या पदकाच्या यादीत मिळाले. म्हणजे ते झाशीच्या मोहिमेत खरोखर होते. हे वाचून माझ्या मावशीच्या डोळ्यांत पाणी आले, कारण आमच्याकडे अनेकजण ही केवळ दंतकथा समजत असत.

पुढची नोंद वेगळे सांगते. मृतांच्या यादीत त्यांचे नाव नाही. १८५९ च्या हजेरीपटात त्यांच्या नावापुढे 'कार्यमुक्त' असा शेरा आहे. म्हणजे झाशीत ते पडले नाहीत, आणि पुढच्याच वर्षी त्यांनी सैन्य सोडले. त्या वेळी त्यांची मुलगी चार वर्षांची होती आणि ती पुण्यातच वाढली, हे आम्हाला नक्की माहीत आहे. अवघ्या सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या धडधाकट माणसाला, मोहीम गाजवून आल्यावर लगेच कार्यमुक्त का केले असेल, हे कोणी सांगू शकेल का?

हजेरीपटातील मूळ ठिकाण 'टिपरेरी' परगणा असे आहे आणि गावाचे नाव 'नीना' असे वाटते. अक्षर पुसट आहे.

प्रतिसाद : दप्तरखाना

ताई, १८५९ हे वर्ष आणि 'कार्यमुक्त' हा शेरा एकत्र आले, की कंपनीच्या गोऱ्या सैन्याच्या इतिहासात त्याचे बहुधा एकच स्पष्टीकरण असते. १८५८ साली कंपनीचा कारभार संपून सत्ता राणीच्या नावाने आली, आणि त्याबरोबर कंपनीचे गोरे सैनिकही, त्यांना न विचारता, राणीच्या सेवेत वर्ग केले गेले. शिपायांचे म्हणणे असे होते, की आम्ही शपथ कंपनीची घेतली आहे, त्यामुळे आम्हाला एकतर मुक्त करावे किंवा नव्या भरतीप्रमाणे पुन्हा रक्कम देऊन घ्यावे. सरकारने प्रथम हे मान्य केले नाही. १८५९ च्या उन्हाळ्यात मेरठसारख्या बंगाल इलाख्यातील छावण्यांत असंतोष इतका वाढला, की ज्यांना राणीची सेवा नको त्यांनी कार्यमुक्ती घ्यावी आणि सरकारी खर्चाने मायदेशी जावे, असा हुकूम काढावा लागला. सुमारे दहा हजार माणसांनी ती सवलत घेतली. इतिहासात यालाच 'गोऱ्यांचे बंड' म्हटले जाते.

हा हुकूम तिन्ही इलाख्यांना लागू होता. म्हणून तुमचे पूर्वज शिक्षा म्हणून किंवा आजारपणामुळे काढले गेले असे गृहीत धरू नये. त्यांच्या नावापुढे आजाराचा किंवा वर्तनाचा शेरा नसेल, तर याच सवलतीखाली ते गेले असण्याची शक्यता फार मोठी आहे. या सवलतीला निवृत्तिवेतन नव्हते, म्हणून ती माणसे पुढे निवृत्तिवेतनाच्या दप्तरात दिसत नाहीत. परतल्यावर अनेकांनी पुन्हा राणीच्या सैन्यात नाव नोंदवले, काही ऑस्ट्रेलियाला किंवा अमेरिकेला गेले. त्यामुळे १८६० नंतर क्यू येथील हजेरीपटांत, अर्थात 'डब्ल्यूओ १२' मालिकेत, ते वेगळ्या पलटणीत दिसू शकतात.

पत्नी व मुलगी मागे का राहिल्या, याचे उत्तर कागदात मिळेलच असे नाही. पलटणीच्या अधिकृत पटावर असलेल्या पत्नीलाच भत्ता आणि जहाजावर जागा मिळे. परवानगीशिवाय झालेला विवाह, किंवा चर्चमध्ये न झालेला सहवास, पटावर येत नसे. आईचे फक्त पहिले नाव नोंदवले असेल, तर ती देशी किंवा मिश्र वंशाची असावी असे पुष्कळ नोंदींत दिसते, आणि अशा बायकांना पलटण निघून गेल्यावर कोणीही विचारत नसे. ही बाब मी सौम्य शब्दांत सांगू शकत नाही, कारण ती अन्यायाचीच होती.

प्रतिसाद : जुनापट

एक धोक्याची सूचना करतो. शिपाई स्वतःच्याच नावाने भरती झाला असेल, असे धरून चालू नये. याच पलटणीतले उदाहरण प्रसिद्ध आहे. थर्ड बॉम्बे युरोपियनमधील फ्रेडरिक व्हर्लपूल या शिपायाने ३ एप्रिल १८५८ रोजी झाशीवरील हल्ल्यात जखमींना व मृतांना उचलून आणले, आणि २ मे रोजी लोहारी येथे एका जखमी अधिकाऱ्याला वाचवताना स्वतः सतरा जखमा सोसल्या. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. 'व्हर्लपूल' म्हणजे भोवरा हे त्याचे खरे आडनाव नव्हते. त्याचे मूळ नाव हम्फ्रे जेम्स असे होते आणि तो आयर्लंडमध्ये वाढला होता. पुढे तो ऑस्ट्रेलियात गेला, १८६१ साली मेलबर्नला त्याला ते पदक प्रदान झाले आणि १८९९ मध्ये न्यू साउथ वेल्समध्ये त्याचा मृत्यू झाला. एवढा नावाजलेला माणूस जर खोट्या नावाने वावरू शकतो, तर सामान्य शिपायाचे काय सांगावे. घरून पळून आलेले, कर्ज बुडवलेले, आधी दुसऱ्या पलटणीतून पळालेले असे बरेच जण नाव बदलून येत. वयही खात्रीचे नसते, कारण भरतीसाठी ते सोयीने कमी-जास्त सांगितले जाई.

म्हणून टिपरेरीत त्या नावाचा बाप्तिस्मा सापडला नाही, तर लगेच शोध सोडू नये. सापडला, तरी तो आपलाच आहे असे दुसऱ्या पुराव्याशिवाय मानू नये.

प्रतिसाद : लीतीरावरून

ताई, 'नीना' हे वाचन मला अगदी पटते. टिपरेरी परगण्याच्या उत्तर भागात या नावाचे मोठे बाजारपेठेचे गाव आहे, आणि त्याचा उच्चार येथे असाच करतात, पण इंग्रजी लेखनात शेवटी न उच्चारली जाणारी अक्षरे येतात. लेखनिकाने कानाला ऐकू आले तसे लिहिल्याने त्या गावाची अनेक रूपे कागदांत आढळतात.

भरतीच्या कागदावर सहसा 'अमुक पॅरिशमध्ये, अमुक गावात किंवा गावाजवळ, अमुक परगण्यात जन्म' असे लिहीत. 'जवळ' हा शब्द गंभीरपणे घ्यावा. खेड्यातला मुलगा जवळच्या बाजारपेठेचे नाव सांगत असे. आयर्लंडमध्ये साठ हजारांहून अधिक टाउनलँड, म्हणजे महसुली वाड्या आहेत, आणि खरा पत्ता त्यातली एक वाडी हाच असतो. शिवाय सरकारी पॅरिश आणि कॅथलिक पॅरिश यांच्या सीमा एकमेकींशी जुळत नाहीत, म्हणून नीनाबरोबर तिच्या सभोवतालच्या कॅथलिक पॅरिशच्या वह्याही पाहाव्यात. हा सर्व भाग किलालू धर्मप्रांतात येतो.

वह्या लॅटिनमध्ये असू शकतात. जेम्स हा जाकोबुस होतो, विल्यम हा गुलिएल्मुस होतो. आडनावांपुढचे 'ओ' कधी असते, कधी गळते. एकाच घरातील दोन मुलांचे आडनाव दोन प्रकारे लिहिलेले दिसते. त्यामुळे केवळ सूचीवर विसंबून न राहता, अंदाजे वर्षाच्या आगेमागे चार-पाच वर्षांची पाने स्वतः डोळ्यांखालून घालावीत. प्रत्येक नोंदीत धर्ममाता व धर्मपिता यांची नावे असतात, आणि ती बहुधा काका, मामा, मावशी यांची असतात.

समजा एकाच नावाची तीन मुले निघाली, तर त्यांच्यातून निवड करण्यासाठी तीन साधने सुचवते. १८२३ ते १८३७ या काळातील टाइथ म्हणजे चर्चकराच्या वह्यांत जमीन कसणाऱ्यांची नावे आहेत. १८४७ ते १८६४ दरम्यान प्रसिद्ध झालेल्या ग्रिफिथच्या मूल्यांकनात घर व जमीन धरणाऱ्यांची नावे वाडीनिहाय आहेत. या दोन्हींच्या मधे १८४५ नंतरचा महादुष्काळ येतो, ज्यात सुमारे दहा लाख लोक मेले आणि तितकेच देश सोडून गेले. पहिल्या वहीत असलेले आणि दुसऱ्यात नसलेले घर म्हणजे त्या काळात उठलेले घर, आणि कंपनीच्या १८५० च्या दशकातील भरतीत अशा घरांतील मुले पुष्कळ होती. तिसरे साधन फारसे कोणाला ठाऊक नसते. १९०९ च्या जानेवारीत वृद्धापकाळचे निवृत्तिवेतन सुरू झाले, तेव्हा ज्यांच्याकडे वयाचा दाखला नव्हता त्यांच्यासाठी अधिकाऱ्यांनी १८४१ व १८५१ च्या जनगणनेत त्यांचे बालपणीचे घर शोधून त्याची टिपणे काढली. मूळ जनगणना जळाली, पण ती शोधपत्रे उरली, आणि काहींत संपूर्ण कुटुंबाची नावे आहेत. तुमच्या शिपायाच्या मागे राहिलेल्या धाकट्या भावाने किंवा बहिणीने असा अर्ज केला असेल, तर त्या कागदावर त्याचेही नाव सापडू शकते.

आणखी एक सांगते, पण हा पुरावा नाही, केवळ इशारा आहे. येथे पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे आणि दुसऱ्याला आईच्या वडिलांचे नाव ठेवण्याची पद्धत होती. पहिल्या मुलीला बहुधा आईच्या आईचे, दुसरीला वडिलांच्या आईचे नाव मिळे. पुण्यातल्या मुलीच्या आईची आई देशी असेल, तर सैनिकाने तिला आपल्या आईचे नाव दिले असण्याचा संभव आहे. टिपरेरीच्या नोंदींत आईचे तेच नाव असलेला उमेदवार सापडला, तर त्याला बाकीच्यांपेक्षा अधिक वजन द्यावे.

प्रतिसाद : रक्ताचेनाते

जनुकीय चाचणीचा विचार कोणी मांडला नाही म्हणून लिहितो. तुमच्यापासून तो शिपाई पाच पिढ्या मागे आहे, म्हणजे त्याच्याकडून आलेला अंश सरासरी ३ टक्क्यांच्या आसपास, आणि प्रत्यक्षात त्याहून बराच कमीही असू शकतो. चाचणी करायचीच असेल, तर घरातील सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीची त्यांच्या पूर्ण संमतीने करावी, कारण एक-दोन पिढ्या मागे गेल्याने अंश दुपटी-चौपटीने वाढतो. आयरिश वंशाचे लोक अमेरिकेत व ऑस्ट्रेलियात मोठ्या संख्येने अशा चाचण्या करतात, त्यामुळे जुळणी मिळण्याची आशा रास्त आहे. मात्र अशा चाचणीतून कुटुंबाला नको असलेली माहितीही निघू शकते, हे आधी सर्वांशी बोलून घ्यावे.

पुणेलष्कर

लीतीरावरून यांचा प्रतिसाद मी छापून घेऊन मावशीला वाचून दाखवला. चाचणीविषयी मावशीने विचार करायला वेळ मागितला आहे, आणि तिच्यावर मी कोणताही आग्रह करणार नाही.

नीना व आसपासच्या वह्यांत त्या नावाचे दोन उमेदवार मिळाले आहेत. त्यांपैकी एकाच्या आईचे नाव आणि पुण्यात जन्मलेल्या मुलीचे नाव एकच आहे. तरीही जुनापट यांनी दिलेला इशारा लक्षात ठेवून मी त्याला 'आपला' म्हणायचे टाळले आहे. ग्रिफिथच्या मूल्यांकनात त्या वाडीत ते आडनाव राहिलेले नाही, तर टाइथच्या वहीत आहे. एवढी नोंद करून ठेवते.

हे सर्व करताना एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. त्या माणसाचा धंदा, जहाज, पदक, कार्यमुक्ती हे सगळे साता समुद्रापार जपून ठेवलेले आहे, आणि ज्या बाईने त्याच्या मुलीला एकटीने वाढवले तिचे केवळ पहिले नाव आमच्यापाशी आहे. ती माझी तितकीच पूर्वज आहे. तिचा शोध घेण्याचा काही मार्ग आहे का?

प्रतिसाद : कामठीकर

मार्ग आहे, पण तो लंडनऐवजी पुण्यातून जातो. त्या काळात मुंबई प्रांतात कॅथलिकांवर दोन अधिकार चालत होते. काही चर्चे गोव्याच्या आर्चबिशपांच्या, म्हणजे पाद्रोआदोच्या (पोर्तुगालच्या राजाश्रयाखालील व्यवस्थेच्या) अखत्यारीत होती, आणि काही रोमच्या प्रोपागांदाच्या, म्हणजे पोपच्या धर्मप्रसार खात्याच्या. पुण्यात सवाई माधवरावांच्या काळात पेशव्यांनी दिलेल्या जागेवर उभे राहिलेले क्वार्टर गेटजवळचे जुने चर्च, आणि १८५० मध्ये मुख्यतः आयरिश सैनिकांसाठी बांधलेले सेंट पॅट्रिक चर्च, ही एकाच शहरातील दोन वेगळी दप्तरे समजावीत. सैनिकाच्या मुलीचा बाप्तिस्मा एका ठिकाणी आणि तिच्या आईचा बाप्तिस्मा, विवाह किंवा दफन दुसऱ्या ठिकाणी असणे अगदी स्वाभाविक आहे. गोव्याच्या पाद्रींनी ठेवलेल्या वह्यांत नावांची पोर्तुगीज रूपे येऊ शकतात, हे ध्यानात ठेवावे.

मूळ वहीत मुलीच्या बाप्तिस्म्याचे पान पाहण्याची लेखी विनंती करावी, आणि धर्ममाता-धर्मपित्यांची नावे उतरवून घ्यावीत. ती पलटणीतल्या आयरिश माणसांची असतील, तर फारसा उपयोग नाही. परंतु त्यात एखादे गोवेकर किंवा देशी नाव असेल, तर ते बहुधा आईच्या बाजूचे आहे, आणि त्याच नावाच्या कुटुंबाच्या नोंदी त्याच वहीत आगेमागे शोधाव्यात. तसेच १८५९ नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत तिच्या पहिल्या नावाने दुसरा विवाह झाला आहे का, हेही पाहावे, कारण नवरा परत येणार नाही हे उघड झाल्यावर अशा स्त्रियांनी पुन्हा संसार मांडल्याची उदाहरणे आहेत. मुलगी एखाद्या संस्थेत ठेवली गेली असण्याचीही शक्यता आहे. सैनिकांच्या मुलांसाठी मुंबईत १८१५ साली स्थापन झालेल्या बॉम्बे एज्युकेशन सोसायटीच्या भायखळा येथील शाळा होत्या, आणि त्याच संस्थेने १९२५ मध्ये देवळालीला बार्न्स स्कूल सुरू केले. मुलगी पुढे प्रॉटेस्टंट कुटुंबात कशी गेली, याचा दुवा तेथे मिळू शकतो, कारण ती संस्था अँग्लिकन होती.

पुणेलष्कर

आईच्या नावाने दुसरा विवाह ही शक्यता माझ्या मनात कधीच आली नव्हती. दोन्ही चर्चच्या कार्यालयांना आज पत्रे लिहिली आहेत, आणि अहमदनगरच्या बाजूच्या नातेवाइकांना मुलीच्या विवाहाची नोंद शोधण्यास सांगितले आहे, कारण त्या नोंदीत वधूचा पत्ता किंवा ती कोणत्या शाळेतून आली हे लिहिलेले असू शकते. धर्ममाता-धर्मपित्यांची नावे मिळाल्यावर ती आडनावे वगळून याच धाग्यावर उतरवीन. पुणे आणि नगरकडील जुन्या गोवेकर ख्रिस्ती घराण्यांची माहिती असणाऱ्यांनी तेव्हा ती जरूर पाहावीत.